रोमानिपेन: रोमा समाजाचा वारसा वस्तीपातळीवर कसा जपतात

दर वर्षी ८ एप्रिलला युरोपातल्या अनेक नगरपालिकांवर एक झेंडा चढतो. वर निळा पट्टा, खाली हिरवा, मधोमध सोळा आऱ्यांचे तांबडे चाक. हा रोमा समाजाचा झेंडा. १९७१ साली याच तारखेला लंडनजवळच्या ऑर्पिंग्टनला पहिली जागतिक रोमा परिषद भरली आणि तिथे हे चाक झेंड्यावर आले. आपल्याला ते पाहून अशोकचक्र आठवते, आणि आठवावे असेच ते आहे. भारतातल्या मुळाची खूण म्हणूनच ते घेतले गेले.

झेंडा चढवायला दहा मिनिटे लागतात. पण त्याच गावात रोमा माणूस दारात दिसला की घरमालक खोली नाकारतो, शाळेत रोमा मुले मागच्या बाकावर जातात, आणि आजीची रोमानी नातवाला समजेनाशी होते. हे बदलण्याचे काम गल्लीत, वर्गात, दफनभूमीत आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती वर्षभर चालते. ते कसे करतात, पैसा कशाला लागतो आणि कुठे बिनसते, हे या लेखात सांगितले आहे. उदाहरणे मुख्यतः चेक प्रजासत्ताक आणि पोलंडमधली आहेत, कारण तिथे हे काम तीस वर्षांहून जास्त काळ चालू आहे.

एक शब्द सुरुवातीलाच. रोमा लोक आपल्या जगण्याच्या रीतीला ‘रोमानिपेन’ म्हणतात. त्यातला ‘पेन’ आणि मराठीतल्या माणूसपण, मोठेपण या शब्दांतला ‘पण’ हे दोन्ही एकाच जुन्या ‘त्वन’ प्रत्ययातून आले. रोमानिपेन म्हणजे सरळसरळ रोमापण. नाच आणि गाणे हा त्याचा एक तुकडा. मोठ्यांशी कसे बोलायचे, पाहुण्याला काय वाढायचे, कोणते भांडे कशासाठी वापरायचे, मृताच्या घरी किती रात्री जागायचे, हे सगळे त्यात येते. वारसा जपायचा म्हणजे यातले काय जपायचे, हे ज्यांचे ते आहे त्यांनी ठरवायचे. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

आपल्या गावात नेमके कोण राहते?

युरोपात रोमा लोकांची संख्या १ कोटी ते १ कोटी २० लाख धरली जाते, त्यांतले सुमारे ६० लाख युरोपीय संघात. पण ‘रोमा’ हे छत्रीसारखे नाव आहे. तिच्याखाली जर्मनीतले सिंती, फ्रान्समधले मानूश, स्पेन आणि फिनलंडमधले काले, इंग्लंडमधले रोमानिचल असे वेगवेगळे समाज येतात. कित्येक गटांची नावे धंद्यावरून पडली. काल्देराश म्हणजे तांब्याच्या कढया घडवणारे, लोवारी म्हणजे घोड्यांचे व्यापारी, उर्सारी म्हणजे अस्वल खेळवणारे, लाउतारी म्हणजे वादक. घिसाडी, वडार, दरवेशी ही नावे ज्याला माहीत आहेत त्याला ही रीत नवी वाटणार नाही. बोयाश गटाचे लोक तर रोमानी बोलतच नाहीत, त्यांची घरातली भाषा जुनी रुमानियन आहे. त्यांच्यासाठी रोमानी भाषेचा वर्ग काढला तर तो दुसऱ्याच कोणाची भाषा शिकवण्यासारखा होतो.

म्हणून कार्यक्रम ठरवण्याआधी पहिला महिनाभर फक्त चौकशी. गावात कोणते गट आहेत, कोणती कुटुंबे किती पिढ्यांपासून आहेत, कुठून आली, कोणत्या चर्चमध्ये जातात, कोणाचे कोणाशी जुने वैर आहे. हे शेवटचे विचारायला अवघड, पण टाळले तर पहिल्याच बैठकीला अर्धी खोली रिकामी राहते. चेक प्रजासत्ताकात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. तिथले मूळचे रोमा आणि सिंती दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ संपवले गेले. आज तिथे राहणारे बहुतेक रोमा १९४५ नंतर स्लोव्हाकियातून आलेल्यांचे वंशज आहेत. त्यामुळे ‘या गावातले जुने रोमा’ आणि ‘या गावातले आजचे रोमा’ ही अनेकदा दोन वेगळी घराणी असतात, आणि दोघांच्याही आठवणी जपाव्या लागतात.

नावाबद्दलही काळजी हवी. ‘जिप्सी’ हा शब्द ‘इजिप्तचे’ या गैरसमजातून आला. जर्मन ‘त्सिगॉयनर’ आणि चेक ‘त्सिकान’ यांचे मूळ अस्पृश्य अशा अर्थाच्या ग्रीक शब्दापर्यंत जाते असे मानतात, आणि नाझी कागदपत्रांत हाच जर्मन शब्द होता. मराठीत जिप्सी म्हटले की मनमुक्त भटका डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात आज युरोपातले बहुसंख्य रोमा पिढ्यान्‌पिढ्या एका जागी राहतात, आणि ज्यांची भटकंती थांबली ती बरेचदा कायद्याने थांबवली. चेकोस्लोव्हाकियाने १९५८ साली भटकण्यावर बंदी आणली, पोलंडने १९६४ पासून गाड्या सक्तीने थांबवल्या. इंग्लंडमध्ये मात्र काही कुटुंबे स्वतःला अभिमानाने जिप्सी म्हणवतात. तेव्हा नियम सोपा: समोरचा स्वतःला काय म्हणतो ते विचारावे आणि पत्रकावर तेच छापावे.

भाषेचे नाते, आणि त्याचा अतिरेक

रोमानी ही आपल्याच भाषाकुळातली आहे. येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत मराठी माणसाला अडत नाही. मग एफ्ता, ओख्तो, एन्या येतात, ते ग्रीक आहेत, आणि दहाला परत ‘देश’, विसाला ‘बिश’, शंभराला ‘शेल’. हजारभर वर्षांपूर्वी भारतातून निघालेली ही माणसे इराण, आर्मेनिया आणि ग्रीक भाषेच्या बायझंटाइन मुलखातून युरोपात गेली, त्या वाटेच्या खुणा आकड्यांत राहिल्या. घोड्याला ‘ग्रास्त’ हा आर्मेनियन शब्द, रस्त्याला ‘द्रोम’ हा ग्रीक. पण शरीर आणि घर जुनेच: कान, नाख, दांद, छिब, वास्त, खेर, पानी, लोन, थुद, माछो, द्राख, सुव, छुरी. भाकरीला ‘मान्रो’ किंवा ‘मारो’ म्हणतात, आणि तो शब्द आपल्या मांड्याचा सख्खा आहे. स्लोव्हाक रोमांच्या घरी तव्यावर भाजल्या जाणाऱ्या पोळीला याच शब्दावरून ‘मारिक्ला’ नाव पडले.

एक बारीक पुरावा मराठी वाचकाला विशेष आवडेल. मराठीने नपुंसकलिंग राखले, रोमानीने हिंदीसारखे सोडले. जुनी नपुंसकलिंगी नामे रोमानीत ज्या लिंगात गेली, बहुतेक त्याच लिंगात ती उत्तरेकडच्या भाषांतही गेली. त्यावरून हा बदल भारतात असतानाच झाला आणि म्हणून लोक निघाले ते त्यानंतर, असा अंदाज भाषाशास्त्रज्ञ बांधतात.

हे सगळे ऐकून आपल्यापैकी कोणालाही उचंबळून येते. चंदीगडचे वीर राजेंद्र ऋषी यांनी याच ओढीने रोमा आणि भारत यांच्यात पूल बांधण्यासाठी आयुष्य वेचले. चंदीगडला १९७६ आणि १९८३ साली रोमा महोत्सव झाले, २०१६ साली दिल्लीत परिषद झाली. हा जिव्हाळा खरा आहे. पण स्थानिक कामात तो जपून वापरावा लागतो. युरोपातल्या रोमाला शेजारी आधीच ‘तुम्ही इथले नाही’ असे ऐकवत असतात. तिथे भारतीय पाहुण्याने मंचावरून ‘तुम्ही आमचे हरवलेले भाऊ, भारत तुमचे घर’ म्हटले, की त्याच शेजाऱ्याच्या हाती काठी मिळते. सहाशे वर्षे ज्या देशात राहिले, ज्याच्या कारखान्यांत राबले, तो देश त्यांचा आहे. भाषेचे नाते सांगावे, घराचा पत्ता बदलू नये. लमाण-बंजारा म्हणजेच रोमा, ही आपल्याकडची समजूतही अशीच घाईची आहे. दोन्ही समाजांचा प्रवास वेगळा आहे आणि भाषेच्या अभ्यासात त्यांचे सरळ नाते सापडत नाही.

दोन ठिकाणे

चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरात १९९१ साली रोमा विचारवंतांनी रोमानी संस्कृती संग्रहालय स्थापन केले. संस्था म्हणून सुरू झाले, २००५ पासून ते सरकारी संग्रहालय आहे. महत्त्वाची त्याची जागा. ब्रातिस्लाव्स्का रस्त्यावर, शहराच्या ज्या भागाला इतर लोक नाके मुरडतात, जिथे रोमा कुटुंबे दाटीने राहतात, तिथे ते उभे आहे. शाळेची सहल संग्रहालयात येते तेव्हा ती वस्तीतूनच येते. वस्तीतली मुले तिथे अभ्यासाच्या मदतीसाठी जातात, म्हणून इमारत त्यांना परकी वाटत नाही. नुसते काचेच्या पेटीतले दागिने ठेवून हे साधले नसते.

दुसरे पोलंडमधले तारनूव. तिथल्या वांशिक संग्रहालयात १९७९ साली रोमा विषयावर प्रदर्शन भरले, पुढे ते कायमचे झाले. १९९६ पासून दर जुलैत तिथून ‘रोमा स्मृतीचा तांडा’ निघतो. जुन्या घोडागाड्या, सोबत रोमा कुटुंबे आणि इतर पोलिश लोक, आणि वाटेत महायुद्धात रोमांना जिथे मारले त्या जागा. मुख्य थांबा श्चुरोवा गावाचा. तिथे ३ जुलै १९४३ रोजी ९३ रोमांना गोळ्या घातल्या, त्यांत मुलेही होती. गावात १९५६ साली उभारलेला दगड हा रोमा बळींच्या जगातल्या पहिल्या स्मारकांपैकी एक. थांब्यावर प्रार्थना, मेणबत्त्या, नावांचे स्मरण. रात्री शेकोटी आणि संगीत. हे काम टिकले याचे कारण ते एका जागेला आणि एका तारखेला बांधलेले आहे. आपल्याकडे वारीचे गणित ज्याला कळते त्याला हेही कळेल: वाट ठरलेली, मुक्काम ठरलेले, वाटेतल्या गावाला आपली जबाबदारी माहीत.

याच वाटेवर बोझेंचिन इथे मावगोझाता मिर्गा-तास या रोमा शिल्पकर्तीने २०११ साली केलेले लाकडी स्मारक आहे. २०१६ साली ते कोणीतरी तोडले, ते पुन्हा उभारले गेले. स्मारकाचे अंदाजपत्रक करताना दुरुस्तीचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला ठेवावेत, ते यासाठी. याच मिर्गा-तास यांनी २०२२ साली व्हेनिसच्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात पोलंडचे दालन सजवले. कोणत्याही देशाचे राष्ट्रीय दालन रोमा कलावंताकडे जाण्याची ती पहिली वेळ.

बैठक आणि पैसा

काम सुरू होते ते सल्लागार बैठकीने. सात ते नऊ माणसे पुरतात, त्यांतली निम्म्याहून अधिक स्थानिक रोमा असावीत, आणि किमान दोन विशीतली, दोन साठीच्या पुढची. नुसते पुढारी घेतले तर बायका आणि तरुण गप्प राहतात. बैठकीकडे नुसता सल्ला मागू नये, नकाराधिकार द्यावा. पत्रकावरचे चित्र, पाहुण्यांची यादी, छापायचे फोटो, यांतले काहीही बैठकीने नको म्हटले की नको. हे लिहून ठेवावे.

मध्यस्थाची नेमणूक ही दुसरी पायरी. युरोप परिषदेने २०११ पासून रोमा मध्यस्थांना प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला. शाळा, दवाखाना किंवा नगरपालिका आणि वस्ती यांच्यामध्ये ये-जा करणारा, दोन्हीकडची भाषा जाणणारा माणूस. यात नेहमी होणारी चूक म्हणजे मध्यस्थाला निरोप्या करणे. कार्यालय निर्णय घेते आणि तो वस्तीत पोचवायला त्याला पाठवते. सहा महिन्यांत वस्तीचा त्याच्यावरचा विश्वास उडतो, आणि मग कार्यालय म्हणते की मध्यस्थाचा उपयोग झाला नाही.

पैशाचे बोलू. अंदाजपत्रकातला निदान निम्मा भाग वस्तीतल्या माणसांच्या मानधनाला जावा: वादक, स्वयंपाक करणाऱ्या, अनुवाद करणारे, आठवणी सांगणारे, बैठकीला येणारे. मंडप आणि ध्वनियंत्रणेवाल्याला बाजारभाव आणि रोमा वादकाला ‘प्रसिद्धी मिळेल’ हे उत्तर, असे सर्रास होते, आणि लोक ते विसरत नाहीत. मानधन द्यायच्या पद्धतीतही खड्डे आहेत. एकरकमी मानधनाने एखाद्या कुटुंबाचे सरकारी साहाय्य त्या महिन्यापुरते कापले जाऊ शकते. चेक प्रजासत्ताकात कर्जवसुलीत अडकलेल्याच्या बँक खात्यात पैसे टाकले तर ते सावकाराच्या वाट्याला जाऊ शकतात. म्हणून करार करण्याआधी प्रत्येकाला एकांतात विचारावे, आणि कायद्यात बसणारा मार्ग समाजकार्यकर्त्याकडून समजून घ्यावा.

आठवणी ध्वनिमुद्रित करताना

इथे थोडे थांबून बोलायला हवे, कारण सगळ्यात जास्त विश्वास इथेच लागतो आणि इथेच मोडतो.

अनुभवी मंडळी अनेकदा सांगतात की वयस्क रोमा फॉर्म पाहूनच उठून जातात. त्यामागे इतिहास आहे. नाझी जर्मनीत रॉबर्ट रिटर याच्या संस्थेने रोमा आणि सिंतींच्या वंशावळी गोळा केल्या आणि सुमारे २४,००० जणांवर वांशिक अहवाल लिहिले. ते छळछावण्यांत पाठवण्यासाठी वापरले गेले. त्याची सहायिका एफा युस्टिन रोमानी बोलत असे. लोकांनी तिला ‘लोली छाय’, म्हणजे तांबड्या केसांची मुलगी, असे नावही दिले होते. आपली भाषा बोलणारी, गोड चौकशी करणारी बाई घरात आली, आणि तिने लिहून नेलेल्या नावांनी माणसे मेली. आजही अनेक सिंती कुटुंबे आपली भाषा बाहेरच्याला शिकवत नाहीत, ते यामुळे. आणि हा केवळ जुना काळ नाही. २०१३ साली स्वीडनच्या दक्षिण भागात पोलिसांनी ४,००० हून अधिक रोमांची, अगदी लहान मुलांसकट, नोंदवही ठेवल्याचे उघड झाले. महाराष्ट्रात इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूरच्या तारेच्या कुंपणात रोज हजेरी देणाऱ्या समाजांना सरकारी वहीत नाव जाण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला, भीती पुढे कितीतरी वर्षे राहिली.

तेव्हा संमती दोनदा घ्यायची. पहिली ध्वनिमुद्रणाआधी, तोंडी आणि त्यांच्या भाषेत, आणि तीही मुद्रित करायची. दुसरी मुद्रण पुरे ऐकवल्यानंतर. तेव्हा चार पर्याय ठेवायचे: सर्वांसाठी खुले, फक्त कुटुंबासाठी, नाव बदलून खुले, किंवा ठरावीक वर्षांपर्यंत बंद. पाचवा न विचारता असतोच: पुसून टाका. पुसायला सांगितले तर त्यांच्यासमोर पुसावे.

तंत्राचा भाग सोपा आहे. वेव्ह स्वरूपात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. एका मायक्रोफोनचे तासाभराचे मुद्रण साधारण अर्धा जीबी होते. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर, स्कार्फ किंवा माळेला घासणार नाही असा. फ्रिज आणि टीव्ही बंद. फ्रिज बंद केला तर गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना तो चालू करायला विसरणार नाही. एका बैठकीला साठ ते नव्वद मिनिटे, त्यापुढे माणूस दमतो. एका तासाचे मुद्रण उतरवून घ्यायला पाच ते आठ तास लागतात, रोमानीतून अनुवाद करायचा असेल तर दुप्पट. इथेच बहुतेक प्रकल्प फसतात: चाळीस मुलाखती होतात आणि उतरवलेल्या चार. म्हणून पैसे जेवढ्यांना पुरतील तेवढ्याच घ्याव्यात. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक दुसऱ्या इमारतीत.

बोली जशी आहे तशी लिहावी. स्लोव्हाक रोमांची बोली, काल्देराशांची बोली, बाल्कनमधली अर्ली बोली, यांत उच्चार आणि शब्द वेगळे आहेत. ‘शुद्ध रोमानी’ करून छापले तर सांगणारीला स्वतःचेच बोलणे परके वाटते.

जुने फोटो घरातून बाहेर न्यायचे नाहीत. स्कॅनर त्यांच्या घरी न्यायचा, ६०० डीपीआयला स्कॅन करायचे, फोटोच्या पाठीमागे काही लिहायचे नाही, पाकिटावर पेन्सिलीने लिहायचे. ज्या कुटुंबात छावणीतून एकच जण परत आला, त्यांच्याकडे कधी कधी एकच फोटो असतो.

शाळेत

पंचवीस-तीस मुलांच्या वर्गासाठी शंभर मिनिटे मागून घ्यावीत. दहा मिनिटे ओळख, मग चार गट, प्रत्येकी वीस मिनिटांचे चार टप्पे, शेवटी दहा मिनिटे एकत्र. एका टेबलावर शब्द, दुसऱ्यावर नकाशा आणि आकड्यांतून उलगडणारा प्रवास, तिसऱ्यावर एखादा कारागीर आणि त्याची खरी हत्यारे, चौथ्यावर प्रश्नांची पेटी. पेटीत मुले नाव न लिहिता चिठ्ठी टाकतात, आणि वस्तीतला एक तरुण उत्तर देतो. ‘तुम्ही चोरी का करता?’ ही चिठ्ठी जवळपास हमखास निघते. तिला ओरडून गप्प करू नये, उत्तराची तयारी करून यावे. उत्तर देणाऱ्यासोबत दुसरा माणूस बसवावा, कारण दिवसात तीन वर्गांत हा प्रश्न ऐकणे थकवणारे असते.

‘इथे रोमा कोण आहे, हात वर करा’ असे कधीच विचारू नये. ज्या देशात रोमा मुलांना मतिमंदांच्या शाळांत ढकलले गेले, तिथे हात वर करणे म्हणजे काय हे मुलांना घरून कळलेले असते. चेक प्रजासत्ताकातल्या ओस्त्रावा शहरातल्या अठरा रोमा मुलांचा हा खटला युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेला, आणि १३ नोव्हेंबर २००७ रोजी हा भेदभाव असल्याचा निकाल लागला. निकालाने कायद्यात बदल झाले, वर्गातली कुजबूज थांबायला वेळ लागतो.

तारखा

वर्षाचे वेळापत्रक चार-पाच तारखांभोवती बसते. ८ एप्रिलला झेंडा, आणि अनेक ठिकाणी नदीत फुले व दिवे सोडतात, पूर्वजांच्या प्रवासाची आठवण म्हणून. ६ मेच्या सुमारास बाल्कनमध्ये वसंताचा एदेर्लेझी सण. रुमानियात २० फेब्रुवारी, कारण १८५६ साली त्या दिवशी वालाखिया या तिथल्या संस्थानात रोमांची गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. होय, गुलामगिरी, पिढ्यान्‌पिढ्या विकत घेण्या-देण्याची. ५ नोव्हेंबर रोमानी भाषेचा दिवस.

आणि २ ऑगस्ट. १९४४ साली त्या रात्री आउश्वित्झ-बिर्केनाऊमधल्या रोमा छावणीत उरलेल्या सुमारे ४,३०० जणांना गॅसच्या कोठ्यांत मारले, त्यांत बहुतेक म्हातारे, बायका आणि मुले. २०१५ साली युरोपीय संसदेने हा स्मृतिदिन मानला. या दिवशी बँड नको, खाण्याचे ठेले नकोत. नावे वाचायची, तीही स्थानिक: या गल्लीतून, या शाळेतून कोण नेले गेले. नावे आधी नातेवाइकांना दाखवावीत, उच्चार त्यांच्याकडून शिकावेत. लेती इथे चेक भूमीवरची रोमा छावणी होती, सुमारे १,३०० जणांना तिथे कोंडले होते, ३०० हून अधिक तिथेच मेले. सत्तरच्या दशकात त्या जागेवर डुकरांचे पालनकेंद्र उभे राहिले. वाचलेल्यांच्या वारसांनी वर्षानुवर्षे दाद मागितली, सरकारने ते विकत घेऊन २०१८ साली ताब्यात घेतले आणि २०२४ साली स्मारक उघडले. त्याची देखभाल ब्रनोचेच संग्रहालय करते.

सणाच्या जेवणाबद्दल एवढेच: पदार्थ आणि स्वयंपाकीण बैठकीने ठरवावी. काही गटांत शुचितेचे कडक नियम आहेत, धुण्याची आणि स्वयंपाकाची भांडी वेगळी, कोणाच्या हातचे खायचे तेही ठरलेले. स्लोव्हाक रोमांच्या घरचा बटाटे भरलेला ‘गोया’ डुकराच्या आतड्यात करतात. मुस्लिम रोमा कुटुंबे आमंत्रित असतील तर दुसरी चूल लागेल.

तिथल्या मराठी मंडळींसाठी

बर्लिन, प्राग, ब्रनो इथे नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी कुटुंबांना या कामात खरी जागा आहे. पहिल्या भेटीत श्रोता म्हणून जावे. ‘लाचो दिवेस’, शुभ दिवस, एवढे म्हणावे. शब्दांची जुळणी त्यांनी काढली तर आनंदाने करावी: आपण ‘मांडे’ म्हणतो, तुम्ही काय म्हणता? लहान मुलांना एकत्र बसवून आकडे मोजायला लावले की सातवर सगळे अडखळतात आणि हसतात, आणि मग ग्रीसची गोष्ट आपोआप निघते. पण कोणी म्हणाले की माझी भाषा मला सांगायची नाही, तर विषय तिथे सोडावा. मंडळाच्या गणेशोत्सवात रोमा वादक बोलावलात तर दर आधी ठरवा, ठरलेला पैसा त्याच संध्याकाळी द्या, आणि सूत्रसंचालकाला ‘जिप्सी बँड’ म्हणू नका असे आधीच सांगून ठेवा.

कार्यक्रम संपल्यानंतर पंधरा दिवसांच्या आत फोटो छापून, मुद्रणाची प्रत पेनड्राइव्हवर घालून, ती ज्याची त्याच्या घरी हाताने पोचवायची. टपालाने नाही, मध्यस्थाबरोबर पाठवूनही नाही. ज्यांनी मुलाखत घेतली त्यांनीच जायचे. चहा होतो, फोटोतला कोण कोणाचा काका ते नव्याने कळते, चुकलेले नाव दुरुस्त होते, आणि पुढच्या बैठकीची तारीख त्याच टेबलावर ठरते.